खोकल्याचे दिवस मोजूया

आमच्या बचत गटाच्या बैठकीत हप्ते गोळा करताना कुणीतरी तोंडाला पदर लावून खोकत असते. विचारलं की उत्तर ठरलेलं, "काही नाही ताई, चुलीचा धूर." कधी तो धूरच असतो, कधी नसतो. म्हणून आज आपण बेडका पडणाऱ्या खोकल्याबद्दल बोलूया.

आपल्या श्वासनळीला आतून ओलसर, चिकट थर असतो. धूळ, धूर, जंतू त्यात अडकतात. आत सूज आली की हा चिकटा वाढतो आणि खोकला तो बाहेर काढतो. तोच बेडका.

सर्दी-पडशानंतरचा असा खोकला बहुतेक वेळा दोन-तीन आठवड्यांत थांबतो. बेडका पिवळा दिसला म्हणून मेडिकलमधून स्वतःच गोळ्या आणू नका. नुसत्या रंगावरून आजार ओळखता येत नाही. पण सोबत थंडी वाजून ताप, धाप आणि श्वास घेताना छातीत दुखत असेल, तर न्यूमोनिया असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

वर्षानुवर्षे चुलीपुढे बसणाऱ्या बाईला विडी न ओढताही फुप्फुसाचा जुना आजार जडतो. रोज सकाळी बेडका पडतो, हंडा आणताना दम लागतो. रात्री-पहाटे खोकल्याची उबळ येऊन छातीत शिट्टी वाजत असेल, तर दमा असू शकतो. दोन्हींवर औषध आहे.

आणि टीबी. खोकला दोन आठवडे झाले तरी थांबत नसेल, तर बेडका तपासून घ्यायचाच. भूक मंदावणं, वजन घटणं, संध्याकाळी बारीक ताप, रात्री घाम ही आणखी लक्षणं. बेडक्यात रक्त दिसलं तर दोन आठवडे थांबूच नका. तपासणीला नुसती थुंकी चालत नाही. चूळ भरून, खोल श्वास घेऊन, छातीतून खोकून बेडका काढावा लागतो. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. उपचार साधारण सहा महिने चालतात आणि त्या काळात सकस आहारासाठी सरकारकडून महिन्याला 1000 रुपये खात्यात येतात. बरं वाटलं म्हणून गोळ्या मध्येच सोडायच्या नाहीत.

"नाव निघालं तर लेकीचं लग्न कसं जमेल?" हा प्रश्न आम्हीही ऐकलाय. पण लपवलेला टीबी आधी घरातल्यांनाच लागतो. उपचार सुरू झाले की काही आठवड्यांत लागण पसरण्याचा धोका बराच कमी होतो.

आमच्या गटात आम्ही एक ठरवलंय. कुणी खोकलं की विचारायचं, "किती दिवस झाले?" चौदा झाले असतील, तर आमच्यातली एक जण तिच्यासोबत प्राथमिक आरोग्य केंद्रात जाते. तुमच्या गटातही एवढं करून बघा.