बेनीसिंगाची पलटण : अडगांव ते गाविलगड

इ. स. १८०३ च्या युद्धांत नागपूरकर भोसल्यांचें कवायती पायदळ ता. २९ नोव्हेंबर रोजीं अडगांवीं मोडलें. संपलें मात्र नाहीं. त्यांतील पुष्कळ शिपाई बेनीसिंगासह गाविलगडावर चढले, व त्यांच्याजवळ कंपनीच्या बंदुका आणि संगिनी होत्या, असें खुद्द वेल्स्लीच्या खलित्यांत आहे. जुनीं हत्यारें जमविणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवावें. स्टीव्हन्सननें जड तोफा डोंगरांतून गडाच्या उत्तरेस नेल्या. ता. १५ डिसेंबरला हल्ला झाला. आंतल्या तटास खिंडार नव्हतेंच. शिड्या लावून तो ओलांडला. बेनीसिंग व किल्लेदार दरवाजापाशीं प्रेतांच्या राशींत सांपडले. दोन दिवसांनीं देवगांवीं तह होऊन वर्धेपलीकडील वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेलें. ज्यासाठीं ही पलटण पडली तो गाविलगड मात्र त्यांस परत मिळाला.