रणगाड्याची प्रतिकृती आणि रंगाऱ्याची नजर



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर साहित्य, इतिहास, अर्थकारण, आरोग्य अशा विषयांवर बोलणारे विद्वान येऊन जातात. मी विद्वान नव्हे. सातवीनंतर माझी शाळा सुटली. पुढचे शिक्षण थोडे रात्रशाळेत, बरेचसे सार्वजनिक वाचनालयात आणि उरलेले कारखान्यांच्या दारावर सभा घेताना झाले. नोकरीची पहिली बारा वर्षे मी घाटकोपर ते भांडुप या पट्ट्यातील एका इंजिनिअरिंग कारखान्यात, रंगखात्यात, स्प्रे-गन चालविली. त्यानंतर युनियनचे काम अंगावर घेतले, ते आजतागायत. असा मनुष्य आज जर्मन रणगाड्यांच्या प्लॅस्टिकच्या प्रतिकृती कशा जोडतात, कशा रंगवितात आणि त्यांवर वापराच्या खुणा कशा उमटवितात, हे सांगणार आहे, याचे आपणांस नवल वाटले असेल.

नवल माझ्या सहकाऱ्यांनाही वाटले. युनियनच्या कचेरीतील कपाटावर मी एक तयार रणगाडा ठेवला होता. एक वयस्क कामगार बराच वेळ त्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "काय हो दादा, जन्मभर कामगारांसाठी भांडलात, मग हा हिटलरचा गाडा कपाटावर कशाला चढवलात?" त्या वेळी मी हसून वेळ मारून नेली. पण प्रश्न खरा होता, आणि खऱ्या प्रश्नाला कधीतरी उत्तर द्यावे लागते. आजचे बोलणे म्हणजे ते उत्तर होय.

प्रथम प्रतिकृती म्हणजे काय ते पाहू. दिवाळीत आपली मुले चाळीच्या अंगणात किल्ला करतात. त्यात मावळा बुरुजापेक्षा उंच असला तरी कोणी हरकत घेत नाही. प्रतिकृतीत ती मोकळीक नाही. तेथे प्रत्येक वस्तू एकाच प्रमाणात लहान व्हावी लागते. रणगाड्यांसाठी सर्वांत रूढ झालेले प्रमाण म्हणजे पस्तिसास एक. हा आकडा कोणा शास्त्रज्ञाने ठरविला नाही. जपानमधील शिझुओका येथील टामिया कंपनीने १९६१ साली जर्मन 'पँथर' रणगाड्याचा संच काढला. त्याच्या पोटात मोटार आणि बॅटऱ्या मावल्या पाहिजेत, असा आकार त्यांनी धरला. मागाहून मोजले, तर प्रमाण साधारण पस्तिसास एक भरले! पुढे तेच रूढ झाले.

या प्रमाणाचे गणित नीट कळले की निम्मे काम झाले. जर्मनांचा 'टायगर' हा रणगाडा घ्या. नळीच्या टोकापासून मागपर्यंत तो ८.४५ मीटर लांब. प्रतिकृती होते सुमारे २४ सेंटिमीटर. पावणेसहा फुटी सैनिक होतो ५ सेंटिमीटरचा. समोरच्या चिलखताची जाडी १०० मिलिमीटर. तिचे होतात ३ मिलिमीटरहूनही कमी. पण वजनाचे गणित निराळे आहे. लांबी, रुंदी आणि उंची या तिन्ही पस्तीस पटींनी घटतात, म्हणून वजन ३५ गुणिले ३५ गुणिले ३५, म्हणजे ४२,८७५ पटींनी घटते. ५७ टनांचा गाडा पोलादाचाच केला, तरी सव्वा किलोच्या आसपास भरेल. प्लॅस्टिकचा तर त्याहून पुष्कळ हलका. तेव्हा वजन आणता येत नाही, ते दाखवावे लागते. पट्टे वरच्या बाजूस चाकांवर सैल लोंबकळले पाहिजेत, खालची माती दबलेली दिसली पाहिजे. पट्टे ताठ राहिले की गाडा खोक्यासारखा पोकळ दिसतो.

आता जोडणी. संचात प्लॅस्टिकच्या चौकटींना लटकलेले शेकडो भाग येतात. ते कटरने तोडावेत, टोक कानसेने घासावे, वर बारीक पॉलिशपेपर फिरवावा. जोडण्यासाठी वापरतात ते द्रव खरोखर चिकटवीत नाही. ते दोन्ही कडा विरघळविते, कडा एकमेकींत मिसळतात आणि सुकून एक होतात. आमच्या वेल्डरच्या भाषेत सांगायचे, तर तो वेल्डिंगचाच भाऊ. राहिलेल्या फटीत लांबी भरावी आणि सुकल्यावर घासावी. मोटारीला डेंटिंग-पेंटिंग करणारा कारागीर जे करतो तेच हे काम, फक्त चिमट्याने.

रंगकामात मी घरचा माणूस. येथे एक नियम सांगतो : कारखान्यात थर ज्या क्रमाने चढले, त्याच क्रमाने आपणही ते मनाशी धरावेत. जर्मन रणगाड्याच्या पोलादावर प्रथम रेड ऑक्साइडचा तांबडा प्रायमर बसे. त्यावर युद्धाच्या आरंभी गडद करडा रंग असे. फेब्रुवारी १९४३ मध्ये हुकूम बदलला आणि गाडे कारखान्यातून गडद पिवळ्या रंगात बाहेर पडू लागले. हिरवा आणि तांबूस तपकिरी हे दोन रंग घट्ट लगद्याच्या रूपाने डब्यांतून पलटणींकडे जात. सैनिक तो लगदा पेट्रोलमध्ये किंवा पाण्यात कालवीत आणि हाती असेल त्या फवाऱ्याने वा कुंच्याने पट्टे ओढीत. पाण्यात कालवलेला रंग फार टिकत नसे. म्हणून एका कारखान्यातून निघालेले दोन गाडेही एकसारखे राहत नसत. हुकूम एक असला, तरी हात वेगवेगळे.

प्रतिकृतीवर हा रंग लहान एअरब्रशने, १५ ते २० पौंड दाबावर, पातळ थरांत मारतात. एका जाड थरापेक्षा तीन पातळ थर बरे. जाड थराखाली रिव्हेटांची डोकी बुडून जातात. आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो : खिडकी उघडी ठेवा आणि तोंडाला खरा मास्क लावा, नुसता रुमाल नको. मी काम केले त्या रंगखात्यात आम्ही मास्क मागत होतो आणि आम्हांला गुळाचा खडा मिळत होता. गुळाने छाती साफ होते, असे आम्हांलाही खरे वाटे. माझ्या शेजारच्या गनवर काम करणारा माणूस पन्नाशी गाठण्याआधीच दम्याने घरी बसला. छंदासाठी कोणी फुप्फुसे गमावू नयेत, पोटासाठीही नयेत.

रंग वाळला की गाडा नवा कोरा दिसतो, आणि येथूनच खरी कसोटी लागते. पहिल्याने वॉर्निशचा पातळ हात देतात, म्हणजे खालचा रंग सुरक्षित राहतो. मग काळपट तपकिरी तैलरंग टर्पेंटाइनमध्ये चहाच्या पाण्याइतका पातळ करून खाचांत सोडतात. तो आपोआप कडेकडेने पळतो. सांधे आणि वेल्डिंगच्या रेषा उठून दिसतात. त्यानंतर स्पंजचा तुकडा गडद रंगात बुडवून, कागदावर जवळजवळ कोरडा करून, कडांवर हलकेच टेकवितात. ते झाले खरचटे. शेवटी कोरड्या रंगांची भुकटी : मातीची, धुराची, गंजाची. विलायती भुकटीच्या बाटल्या महाग पडतात. मी गेरू, दिव्याची काजळी आणि पेन्सिलीच्या शिशाची पूड वापरतो. पट्ट्याचा जो भाग जमिनीला घासतो, तेथे शिशाची पूड बोटाने चोळली की पोलाद झिजून चकाकते तसे दिसते.

नवशिका येथे हात सैल सोडतो. मीही सोडला होता. पहिल्या गाड्यावर मी इतका गंज चढविला, की तो कुर्ल्याच्या भंगारातून आणल्यासारखा वाटे. मग गणित आठवले. प्रतिकृतीवरचा ३ मिलिमीटरचा डाग म्हणजे खऱ्या गाड्यावरचा साडेदहा सेंटिमीटरचा डाग! शिवाय लढाईतले पुष्कळसे गाडे काही महिन्यांतच निकामी होत. जाड चिलखत गंजून खपली धरण्याइतके आयुष्य त्यांना कोठून मिळणार? गंज शोभतो तो धुरांड्याला आणि पट्ट्यांना. खरचट्याखाली आधी तांबडा प्रायमर दिसावा, अगदी खोल असेल तरच काळसर पोलाद. दुसरी चूक याहून हसण्यासारखी. गावाहून आणलेली कोकणची तांबडी माती मी रशियात लढणाऱ्या गाड्याच्या चाकांना फासली. तेथली कसदार जमीन काळी! ज्याने शाळेचा भूगोल अर्ध्यावर सोडला, त्याला तो असा पुरा करावा लागला.

तेव्हापासून मी पुस्तकातल्या चित्रांपेक्षा रस्त्यावरची यंत्रे पाहू लागलो. मेट्रोच्या कामावर उभ्या असलेल्या पिवळ्या जेसीबीकडे आपण कधी थांबून पाहिले आहे काय? चालक ज्या पायरीवर पाय देऊन चढतो, तेथला रंग उडालेला असतो. ज्या दांड्याला धरतो, तो हाताच्या तेलाने काळा पडून चकाकतो. डिझेलच्या झाकणाखाली ओघळ असतो. जेथे हात पोहोचत नाही, तेथे धूळ साठते. बादलीचे दात मात्र लख्ख. म्हणजे यंत्रावरची प्रत्येक खूण कोणाच्या तरी कामाची खूण असते. हे ज्याला दिसले, त्याला खरचटा कोठे हवा हे सांगावे लागत नाही. ज्याला दिसले नाही, त्याचा गाडा घाण दिसतो, वापरलेला दिसत नाही.

आता त्या वयस्क कामगारांच्या प्रश्नाकडे येतो. संचाच्या खोक्यावर रणगाडा नेहमी धडाडत, आग ओकत पुढे येताना दाखवितात. परंतु हाताने एकेक भाग जोडू लागले की दुसरीच कथा कळते. टायगरची चाके एकमेकांत गुंतवून बसविलेली. एका बाजूला आठ आस, आणि आरंभीच्या बनावटीत प्रत्येक आसावर तीन चाके. वजन विभागले जाई, चाल चांगली होई. पण अगदी आतल्या चाकाचे रबर गेले, तर ते बदलण्यासाठी बाहेरची आठ-नऊ चाके उतरवावी लागत. रशियाच्या थंडीत त्या चाकांत चिखल गोठून बसे. नकाशा काढणाऱ्याने कागदावर सुंदर यंत्र रेखले. त्याचा भार पडला तो रात्री पाना घेऊन चिखलात पडलेल्या माणसावर. असे गाडे ऑगस्ट १९४२ ते ऑगस्ट १९४४ या काळात अवघे १,३५० च्या सुमारास झाले. रशियनांनी आपला साधा टी-३४ त्या युद्धात पन्नास हजारांहून अधिक संख्येने काढला.

आणि हे गाडे घडविले कोणी? १९३३ साली हिटलरने १ मे हा पगारी सुटीचा राष्ट्रीय सण जाहीर केला. मिरवणुका निघाल्या, भाषणे झाली. दुसऱ्याच दिवशी, २ मे रोजी, देशभरच्या कामगार संघटनांच्या कचेऱ्यांत त्याची माणसे घुसली. कचेऱ्या, निधी, छापखाने ताब्यात गेले, पुढाऱ्यांना अटक झाली. संप बंद, मागणी बंद. त्यानंतरच्या वर्षांत शेतीचे ट्रॅक्टर म्हणून नाव देऊन पहिले रणगाडे कारखान्यांत तयार होऊ लागले, कारण पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहाने जर्मनीला रणगाडे बांधण्याची बंदी होती. ऑगस्ट १९४४ पर्यंत जर्मनीत परदेशांतून आणलेले मजूर आणि युद्धकैदी मिळून सुमारे ७६ लाख माणसे राबत होती. त्यांतील पुष्कळांना घरून ओढून आणले होते. टायगर जेथे घडला, त्या कासेल शहरातील हेन्शेल कारखान्यातही वेठीचे मजूर होते. ऑस्ट्रियातील सेंट व्हॅलेंटिनच्या रणगाडा कारखान्यात माउटहाउझेन छळछावणीचे कैदी कामाला जुंपले होते. ज्या वेल्डिंगच्या रेषेत मी पातळ रंग सोडतो, ती रेषा कोणी ओढली असेल, हे मला आता विसरता येत नाही.

ही सारी दूरची गोष्ट, असेही नाही. टायगर प्रथम ब्रिटिशांच्या हाती धडधाकट लागला तो ट्युनिशियात, एप्रिल १९४३ मध्ये. तो आज इंग्लंडमध्ये बोव्हिंग्टनच्या संग्रहालयात आहे. त्याच मोहिमेत हिंदी सैन्याची चौथी डिव्हिजन लढत होती. पुढे इटलीत १० जुलै १९४४ रोजी मराठा पलटणीचे नाईक यशवंत घाडगे जर्मन मशीनगनच्या ठाण्यावर एकटे चालून गेले आणि तेथेच पडले. रायगड जिल्ह्यातला हा मुलगा अवघा बावीस वर्षांचा होता. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ज्यांना चिलखती गाडे डोळ्यांनी पाहायचे असतील, त्यांनी अहिल्यानगरला लष्कराने १९९४ साली उभारलेले रणगाडा संग्रहालय जरूर पाहावे. जर्मन बनावटीचे एक चिलखती वाहनही तेथे आहे. पत्र्यावर हात टेकण्याआधी परवानगी मात्र घ्या.

माझ्या कपाटावरचा टायगर धडाडत नाही. तो रस्त्याच्या कडेला बंद पडलेला आहे. पट्टा उतरविलेला, सहा चाके चिखलात ओळीने मांडलेली, आणि पाच सेंटिमीटरची दोन माणसे सातव्या चाकाशी झटत आहेत. त्या वयस्क कामगारांना मी परवा बोलावून हे दाखविले, वरील हकीकत सांगितली. त्यांनी चष्मा लावला. ते जन्मभर फिटर होते. ते म्हणाले, "हे बरे केलेत. पण दादा, तुमच्या माणसाने पाना उलटा धरला आहे."

मी पाहिले. त्यांचे खरे होते. तो पाना मी अजून दुरुस्त करतो आहे.