हवाईच्या अरण्यातील हिवताप

रोगजंतू बेटावर उतरला की तेथे त्याचा अंमल बसलाच, असे सामान्यतः मानले जाते; परंतु उतरणे आणि ठाण मांडणे यांत केवढे अंतर असते, हे हवाई बेटांवरील पक्ष्यांच्या हिवतापावरून कळते. सोनचिखल्यासारखे स्थलांतरी पक्षी माणसाच्या आधीपासून तेथे हिवाळा काढीत आले आहेत, आणि त्यांच्या रक्तातून असे जंतू पूर्वीही आले असतील. पण ते एका पक्ष्याकडून दुसऱ्याकडे नेणारा डासच त्या भूमीवर नव्हता.

तो डास, १८२६ साली, लाहाइना बंदरात ‘वेलिंग्टन’ जहाजाच्या खलाशांनी पाण्याची पिपे विसळली तेव्हा त्यांतील अळ्यांच्या रूपाने उतरला, असे सांगतात. पुढे वसाहतवाल्यांनी देशोदेशीचे पक्षी आणले. पिकांवरील अळ्या खाईल या आशेने १८६५ साली आपली साळुंकीही तेथे नेण्यात आली. अशाच कोणा परक्या पक्ष्याच्या रक्तातून प्लास्मोडियम रेलिक्टम हा जंतू आला असावा. ज्यांच्या पूर्वजांनी हा रोग युगानुयुगे सोसला ते पक्षी त्याने सहसा मरत नाहीत. हवाईच्या मधुपायी पक्ष्यांना मात्र त्याची ओळखच नव्हती. लालभडक ईईवीला बाधित डासाचा एकच दंश झाला, तरी प्रयोगात दहांतील सुमारे नऊ पक्षी दगावले.

आश्रयदात्याला सरसकट मारणारा जंतू स्वतःही टिकत नाही. म्हणून माझ्या मते या प्रकरणाचे मर्म मेलेल्यांत नसून वाचलेल्यांत आहे. आपापाने आणि अमाकीही या स्थानिक जातींतील जे पक्षी दुखण्यातून उठतात, ते बहुधा जन्मभर जंतू रक्तात बाळगतात, आणि डासांना त्याचा पुरवठा अखंड चालू राहतो. त्यात रानटी झालेली डुकरे वृक्षनेच्यांची खोडे गरासाठी पोखरतात, आणि त्या पोकळ्यांत साचलेल्या पाण्यात, निबिड अरण्यातही, डासांची पैदास होते.

सुमारे १३ अंश सेल्सिअसखाली डासाच्या शरीरात जंतूची वाढ थांबते, म्हणून उंच पर्वतांवरील गार अरण्ये ही या पक्ष्यांची शेवटची आश्रयस्थाने ठरली. पण हवा तापू लागली तशी डासांची हद्द वर सरकत आहे, आणि काउआई बेटाचा तर माथाच १६०० मीटरांच्या आत असल्याने तेथील पक्ष्यांना आणखी वर जायला जागाच नाही.

रानातील प्रत्येक पक्ष्याचे रक्त शुद्ध करणे अशक्य; तोडता येण्याजोगा दुवा एकच, डासाचा. म्हणून २०२३ पासून माउईच्या अरण्यांत हेलिकॉप्टरमधून वोल्बाकिया जिवाणूचा वेगळा वाण असलेले नर डास सोडले जात आहेत. नर चावत नाहीत, आणि त्यांच्याशी संग झालेल्या रानातील माद्यांची अंडी उबत नाहीत.