तरणतलावाचा पंप: संथ चाल आणि नितळ पाणी

आपल्या सभासदांपैकी अनेकांनी गेल्या काही वर्षांत बडोद्याच्या वेशीबाहेर बंगले बांधले, आणि त्यांतील काहींनी नातवंडांच्या हौसेखातर अंगणात छोटा तरणतलावही करवून घेतला. तलावाच्या फरशीचा रंग निवडण्यात महिनाभर घालविणारी मंडळी पंपाची निवड मात्र कंत्राटदारावर सोपवून मोकळी होतात. एका बालरोगतज्ज्ञाने पंपाविषयी का लिहावे, असे कोणी विचारील. त्याचे कारण एका स्टीलच्या वाटीत आहे.

दोन उन्हाळ्यांपूर्वी एका स्नेह्यांकडे आम्ही रविवारच्या जेवणास गेलो होतो. वीजबिलाने त्रासून त्यांनी तलावाचा पंप दिवसाकाठी जेमतेम दोन तास चालविण्याचा क्रम ठेवला होता. पाण्यास हिरवट, दुधाळ झाक आली होती. त्यांच्या नातवाच्या हातून वाटी पाण्यात पडली आणि साडेचार फूट खोलीवरची ती वाटी आम्हां कोणासही दिसेना. मी मुलांना पाण्यात उतरू दिले नाही. यजमान किंचित नाराजही झाले. परंतु बुडणारे मूल हाका मारीत नाही, हे आपण सारेच जाणतो. ते निमूटपणे तळाशी जाते, आणि तळ दिसत नसेल तर काठावर बसलेली दहा माणसेही आंधळीच.

यजमानांचा प्रतिप्रश्न मात्र रास्त होता: पंप दिवसभर चालविला तर बिल कसे परवडावे? त्याचे उत्तर बदलत्या गतीच्या पंपात आहे.

केंद्रोत्सारी पंपाची गती निम्मी केली की प्रवाह निम्मा होतो, दाब एक चतुर्थांश होतो आणि लागणारी शक्ती केवळ एक अष्टमांश उरते. आठ मीटर लांब, चार मीटर रुंद व सरासरी सव्वा मीटर खोल तलावात ४०,००० लिटर पाणी मावते. ताशी १०,००० लिटर देणारा, सुमारे १ किलोवॅट वीज घेणारा पंप हे सारे पाणी दिवसातून दोनदा गाळण्यासाठी आठ तास चालवावा लागतो. म्हणजे रोज ८ युनिट. तोच निम्म्या गतीने सोळा तास चालविला तर हिशेबाने २ युनिट पुरतात. मोटार व गतिनियंत्रकातील घट धरून ३ युनिट म्हणू. रोजचे ५, महिन्याचे १५० युनिट वाचले. युनिटला ८ रुपये धरल्यास १,२०० रुपये. ज्यांचा तलाव वर्षातून दोनच महिने वापरात असतो व एरवी रिकामा ठेवला जातो, त्यांनी या महागड्या पंपाच्या वाटेस न जाणे बरे.

येथे एक शंका हमखास निघते. गच्चीवरील टाकी भरणाऱ्या पंपासही हाच न्याय का लावू नये? कारण तेथे पाणी उंच चढवावयाचे असते. गती निम्मी केली तर ते टाकीपर्यंत पोहोचणारच नाही. तलावातील पाणी फिरून तलावातच येते. पंपाला झगडावे लागते ते केवळ नळ, वळणे आणि गाळणी यांच्या अवरोधाशी. नवजात बालकाच्या श्वासनलिकेत एक मिलिमीटर सूज आली तरी अवरोध किती पटींनी वाढतो, हे आपणांस सांगावयास नको. नळाचेही तसेच आहे. दीड इंची नळ टाकून वर उत्तम पंप बसविणे म्हणजे सूज तशीच ठेवून श्वासाचा जोर वाढविणे होय. बांधकाम चालू असतानाच दोन इंची किंवा त्याहून रुंद नळ व कमीत कमी काटकोन यांचा आग्रह धरावा.

संथ प्रवाहाचा आणखी एक लाभ असा, की वाळूच्या गाळणीतून पाणी सावकाश गेले तर गाळ अधिक चांगला अडतो. मग मोठी गती हवीच कशाला? वाळू उलट्या प्रवाहाने धुण्यासाठी, तळ झाडणाऱ्या यंत्रासाठी, आणि दहा-बारा मुले डुंबून गेल्यानंतरच्या तासा-दोन तासांसाठी. म्हणूनच केवळ लहान पंप घेऊन काम भागत नाही. क्लोरीन तयार करणारे यंत्र असल्यास त्यास लागणारा किमान प्रवाह विचारून घ्यावा. गती त्याखाली गेली की ते बंद पडते. पाण्यातील मुक्त क्लोरीन दशलक्षात १ ते ३ भाग आणि पीएच ७.२ ते ७.८ राखावा. तरीही क्रिप्टोस्पोरिडियम अशा पाण्यात कित्येक दिवस तग धरतो, तेव्हा जुलाब होणाऱ्या मुलास तलावापासून दूर ठेवणे हे पंपाचे नव्हे, आपले काम आहे.

आता शोषणाविषयी. २००२ साली अमेरिकेत माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची सात वर्षांची नात व्हर्जिनिया ग्रीम बेकर हॉट टबच्या तळाच्या जाळीवर खेचली जाऊन बुडाली. आईला तिला ओढून सोडविता आले नाही. तिच्या नावाचा कायदा तेथे २००७ साली झाला. मंद गतीत ओढ कमी असते हे खरे, परंतु त्यावर विसंबू नये. एकमेकींपासून किमान तीन फुटांवर दोन निचरा-तोंडे, त्यांवर फुगीर जाळ्या, आणि जाळी तुटली असेल तर दुरुस्तीपर्यंत पोहणे बंद. चारही बाजूंनी चार फुटी कुंपण व आपोआप मिटणारे फाटक हे पंपाच्या आधी.

दुकानात अश्वशक्ती विचारू नये. निरनिराळ्या गतींना प्रवाह व दाब दाखविणारा आलेख मागावा. 'भारी घ्या, डॉक्टरसाहेब' या सल्ल्यास बळी पडू नये. मोटार स्थायी चुंबकाची आहे का, आवाज किती, गावात दुरुस्ती होते का, हेही पाहावे. जुनी मोटार तीन फेजची असेल तर तिलाच गतिनियंत्रक जोडता येतो. घरगुती एक फेजच्या कपॅसिटर मोटारीस बहुधा तो चालत नाही. अर्थिंग, ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक आणि विजेच्या उसळीपासून संरक्षण यांत काटकसर नको, कारण नियंत्रकातील इलेक्ट्रॉनिक्स नाजूक असते.

आमच्या स्नेह्यांनी गेल्या वर्षी असा पंप बसविला. तो पहाटेपासून रात्रीपर्यंत मंद चालतो. शेजारी बसले तरी बोलणे ऐकू येते. मात्र वीज जाऊन आली की त्याचे घड्याळ मागे पडते, आणि ते पाहावयास ते अजूनही विसरतात.