बाईंची लेकरं आणि उंदीर

बालपणीच्या आघातातून माणूस अळंबी खाऊन बरा होतो म्हणतात, ते खरं का, असं एका वाचकानं विचारलं आहे. उत्तराचा धागा उंदरांपाशी आहे. पण आधी मारिया साबिना यांना भेटू. या विषयाच्या बातम्यांत त्यांचं नाव क्वचितच येतं.

मेक्सिकोतल्या ओआहाका राज्यात, वाउत्ला गावच्या या माझातेक आदिवासी वैदूबाई. अक्षरओळख नव्हती. कुणी आजारी पडलं की रात्री ऊद जाळून, दिवे मालवून त्या अळंब्या खायच्या आणि पहाटेपर्यंत गायच्या. अळंब्यांना त्या पवित्र लेकरं म्हणत. खायच्या त्या जोडीनंच. 29 जून 1955 च्या रात्री न्यूयॉर्कचा बँकर गॉर्डन वॉसन तिथं बसला. त्याच्या वाट्याला सहा जोड्या आल्या, बाईंच्या तेरा! 1957 साली त्यानं 'लाइफ' मासिकात बाईंचं नाव बदलून लेख लिहिला, तरी लोकांनी गाव शोधलंच. (ऋग्वेदातला सोम म्हणजेही अळंबीच, असं 1968 मध्ये पुस्तक लिहून सांगणारा तो हाच.) हिप्पींची रीघ लागली, गाव बाईंवर उलटलं, त्यांचं घर जाळलं गेलं.

त्या अळंब्यांतलं सिलोसायबिन हे रसायन स्विस रसायनशास्त्रज्ञ आल्बर्ट हॉफमन यांनी 1958 मध्ये वेगळं केलं. 1962 मध्ये ते गोळ्या घेऊन बाईंकडेच गेले. बाईंनी त्या घेतल्या, रात्र जागवली आणि गोळीतही तोच जीव आहे, असा निर्वाळा दिला. औषधाला इतका जाणकार परीक्षक क्वचितच मिळतो.

आता उंदीर. नाती शिकायचा मेंदूचा एक काळ असतो. वयात येता येता तो सरतो. भाजलेलं मडकं पुन्हा चाकावर चढत नाही. पण मेंदूशास्त्रज्ञ ग्यूल डोलेन यांच्या गटानं 2019 मध्ये प्रौढ उंदरांना एमडीएमए दिलं (हे अळंबीतलं नव्हे, प्रयोगशाळेतलं रसायन) आणि तो काळ परत आला. 2023 मध्ये सिलोसायबिननंही तेच केलं. बालपणीचा आघात बरा होण्याच्या आशेला आधार मिळतो तो इथं. परिणाम दोनेक आठवडे टिकला. मात्र एमडीएमए दिलेला उंदीर एकटा ठेवला, तर काहीच घडलं नाही. सोबत लागली! बाईंचं रात्रभर गाणं हा उपचाराचाच भाग होता, हे सिद्ध करायला उंदीर पुरा पडणार नाही, पण मला तसंच वाटतं.

शनिवार-रविवारात बालपण दुरुस्त करून देणाऱ्या शिबिरांवर मात्र माझा विश्वास नाही. सिलोसायबिनच्या मोठ्या चाचण्या मुख्यतः नैराश्यावर झाल्या आहेत. आघातोत्तर तणावावरच्या एमडीएमएला अमेरिकेच्या औषध प्रशासनानं ऑगस्ट 2024 मध्ये मंजुरी नाकारली. एक अडचण साधीच: खरं औषध कुणाला मिळालं, हे घेणाऱ्याला तासाभरात कळतं. शिवाय कॅनडातल्या एका चाचणीत सोबतीला बसलेल्या उपचारकांनीच मर्यादा ओलांडल्याचं चित्रफितीत दिसलं.

घरात कुणाला स्किझोफ्रेनिया असेल, तर बहुतेक चाचण्यांत प्रवेशच मिळत नाही. शिबिरवाले तेवढं तरी विचारतात का, ते आधी पाहा.