पारडू जगले तर गोठा चालतो

यंत्रमागाच्या किंवा दुकानाच्या जोडीला दोन-चार म्हशी पाळणारे आपले बंधू दुधाचा हिशेब चोख ठेवतात. पारडाचा मात्र ठेवत नाहीत. पारडू मेले की पुष्कळ म्हशी पान्हा चोरतात, आणि वगार गेली की पुढे म्हैस विकत घ्यावी लागते. तोटा दुहेरी आहे.

पहिली चूक चिकाची. खरवसासाठी चीक काढून घेतात किंवा जार पडेपर्यंत पारडाला पाजतच नाहीत. रोगाशी लढण्याची ताकद चिकातून मिळते आणि ती शोषून घेण्याची शक्ती 24 तासांत संपते. म्हणून जार पडण्याची वाट न पाहता तासा-दोन तासांत चीक पाजावा. 30 किलोच्या पारडाला पहिल्या दिवशी 3 लिटर, थोडा थोडा करून. नाळेला टिंक्चर आयोडीन लावावे.

म्हशीच्या दुधातूनही जंत पारडाच्या पोटात जातात. दहाव्या दिवसाच्या सुमारास जनावरांच्या डॉक्टरांना विचारून औषध द्यावे. रोज वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतके दूध, दुसऱ्या आठवड्यापासून थोडा खुराक, कोवळा चारा आणि कोरडी जागा हवी.

कच्च्या सुताचे चांगले कापड निघत नाही. उपाशी पारडाची चांगली म्हैस होत नाही.