मोतीबिंदू: शलाकेपासून अल्ट्रासाउंडपर्यंत

मोतीबिंदू म्हणजे डोळ्यावर वाढलेला पडदा, असा आपल्याकडे समज आहे. खरं तर बाहुलीमागचं आपलं नैसर्गिक भिंगच गढूळ होतं. ते काढायचं कसं आणि त्या जागी बसवायचं काय, या दोन प्रश्नांचा इतिहास मला तरी इंजिनिअरिंगचाच इतिहास वाटतो.

सुरुवात सुश्रुतसंहितेतल्या शलाकेपासून. जवाच्या दाण्यासारख्या टोकाची ही सळई. शलाकेच्या पद्धतीत भिंग बाहेर निघत नसे, नुसतं बाजूला ढकललं जाई. दिसू लागे, पण पुढे डोळा सुजून कायमचा जाण्याची भीती असे. १७४७ मध्ये फ्रान्सच्या जाक दाव्हिएलने छेद देऊन भिंग बाहेर काढलं. तेही भुलीशिवाय! कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर करणं आलं १८८४ मध्ये.

भिंग निघालं, पण जागा रिकामी. म्हणून मग सोडाबाटलीच्या बुडासारखा चष्मा. माझ्या आजीला तसाच होता. समोरचं मोठं दिसे, बाजूचं मात्र नीट दिसत नसे.

उत्तर आलं विमानातून. दुसऱ्या महायुद्धात फुटलेल्या कॉकपिटच्या ॲक्रिलिकचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले. डोळा ते सहन करतो, हे लंडनच्या हॅरॉल्ड रिडलीच्या लक्षात आलं. पुढे ऑपरेशन बघणाऱ्या एका विद्यार्थ्याने, काढलेल्या भिंगाच्या जागी दुसरं का बसवत नाही, असं विचारलं. २९ नोव्हेंबर १९४९ ला रिडलीने ॲक्रिलिकचं भिंग बसवलं. अनेक सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं विरोध केला, पण तेच तंत्र टिकलं.

छेद मात्र मोठाच होता, दहा मिलिमीटरच्या आसपास. न्यूयॉर्कच्या चार्ल्स केलमनला डेंटिस्टच्या खुर्चीत दात साफ करणारं अल्ट्रासॉनिक यंत्र पाहून कल्पना सुचली. १९६७ मध्ये त्याने पेशंटवर पहिला प्रयोग केला. हीच फेको पद्धत. पोकळ सुई सेकंदाला सुमारे ४० हजार वेळा थरथरते, भिंगाचा चुरा करते आणि तो ओढून घेते. त्याच वेळी आत पाणी सोडावं लागतं, नाहीतर डोळ्यातला दाब ढासळतो. पुढे घडी घालता येणारी भिंगं आली आणि छेद तीन मिलिमीटरच्या आत आला.

म्हणूनच 'मोतीबिंदू पिकू द्या' हा सल्ला आता जुना झाला. पिकलेलं भिंग कडक होतं. ते फोडायला जास्त ऊर्जा लागते आणि धोका वाढतो. सुट्टीत घरी गेलात की आजी-आजोबांना एवढं जरूर सांगा.